चावी कुणापाशी हाय?

कुठल्याही शाळेत शिरले की ते आधी एकच विचारत, "चावी कुणापाशी हाय?" ना नमस्कार, ना चमत्कार. शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा असे आणि हा उंच, वाळका माणूस त्याच्या खांद्यावरून व्हरांड्याच्या टोकाकडं बघत असे. पुस्तकांचं कपाट तिथंच असणार हे त्यांना पाठ होतं. तुटके बाक, फाटका नकाशा, बंद पडलेली बाजाची पेटी आणि पुस्तकांचं कपाट, हे सगळं आमच्याकडच्या शाळा एकाच कोपऱ्यात ठेवतात.

ते परंड्याच्या एका हायस्कुलात ग्रंथपाल होते आणि उस्मानाबाद जिल्ह्यातल्या शालेय ग्रंथपालांच्या आमच्या संघाचे सेक्रेटरी. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळ्यांचे ते सेक्रेटरी. घरी गेलं तर त्यांची बायकोसुद्धा दारातून सांगे, "बसा, सेक्रेटरी आंघोळीला गेलेत." संघाला ऑफिस नव्हतं. सेक्रेटरींच्या खांद्यावरची खादीची पिशवी हेच ऑफिस. तिच्यात ठरावाची वही, सुई-दोरा, कात्री आणि तारखेचा शिक्का असे. शिक्क्याच्या शाईनं त्यांच्या सदऱ्याची बाही कायम जांभळी असायची.

मी तेव्हा कळंबला मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. आमच्या घरातली पहिली पगारदार बाई. माझं कपाट म्हणजे आरसा होता. दर शनिवारी मी एकेक पुस्तक पुसायची, रांग सुतात लावायची आणि कुलूप घालून, ते दोनदा ओढून बघून घरी जायची. सेक्रेटरी आले, चावी मागितली, कपाट उघडलं. एक पुस्तक काढलं, मधोमध उघडलं आणि डोळे मिटून त्याचा वास घेतला. मग दुसरं. मग तिसरं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या शाळेत पोरी हायत का?"

"आहेत की. का?"

"न्हाय, हळदीचा डाग न्हाय, तेलाचं बोट न्हाय, एक पान दुमडल्यालं न्हाय. म्हणून इचारलं."

मला असा राग आला की काय सांगू. मी म्हणाले, "डाग पडला तर मला भरून द्यावा लागतो. तुम्हाला नाही." त्यावर ते पहिल्यांदा हसले. पिशवीतून वही काढली आणि म्हणाले, "आता बोललात. ह्याच कामासाठी संघ हाय. मेंबर व्हा." रागाच्या भरात मी सही केली. अशी मी संघाची सभासद झाले.

हे कुलपाचं प्रकरण आता नव्या लोकांना खरं वाटत नाही, म्हणून सांगते. शाळेचं पुस्तक हरवलं की जबाबदार ग्रंथपाल. मुलानं हरवलं, उंदरानं खाल्लं, कौलातून पाणी गळून भिजलं, तरी जबाबदार ग्रंथपालच. वर्षाला तपासणी व्हायची आणि पुस्तक कमी निघालं तर नोकरीच्या कागदावर लाल शाईनं शेरा पडायचा. मग कोण कशाला मुलांना पुस्तक देईल? आमचे भूमकडचे एक सभासद चावी करगोट्याला बांधत आणि आंघोळीतसुद्धा सोडत नसत. एका शाळेत कपाटाला काच होती, तिथं मुलांना काचेबाहेरून पुस्तकांची नावं वाचायची परवानगी होती. ही थट्टा नाही, मी डोळ्यांनी बघितलंय.

एकट्या सेक्रेटरींच्या कपाटाला कुलूप नव्हतं. मधल्या सुटीत पोरं येत, हवं ते घेत. नोंदवहीवर सेक्रेटरींचा विश्वास नव्हता. ते पोराचा हात उलटा करून तळव्यावर परत करायच्या तारखेचा शिक्का मारत. परंड्यात जांभळ्या हाताचं पोर दिसलं की लोक ओळखत, हे सेक्रेटरींचं गिऱ्हाईक. तारीख संध्याकाळपर्यंत धुऊन जाई, आणि कधीकधी तिच्याबरोबर पुस्तकही. दरवर्षी त्यांच्याकडची पुस्तकं हरवत आणि दरवर्षी त्यांना लाल शेरा मिळे. पण मुंबईला नोकरीला लागलेल्या लेकाविषयी बाप जसा बोलतो, तसे ते हरवलेल्या पुस्तकांविषयी बोलत. "आमचं एक पुस्तक कर्नाटकात गेलंय. आळंदच्या एका वाण्याच्या दुकानात बघितल्यालं हाय एका कंडक्टरनं. शाळेचा शिक्का वाचून आला त्यो." हे त्यांनी मला निदान दहा वेळा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी तो वाणी थोडा अधिक वाचत असे.

त्यांच्या घरालाही कुलूप नव्हतं. कडीत काडी खुपसायची आणि निघायचं. बायको एकदा मला म्हणाली, "बाई, लग्नाला इतकी वर्सं झाली, पण आमी दोघं मिळून कधी परगावी गेलो न्हाय. घरात कुणीतरी बसाया पायजे ना. ह्यांचं तत्त्व आन माझी राखण." ती हसत म्हणाली होती, तरी मला ते बोलणं लागलं.

संघाच्या बैठका उस्मानाबादच्या एसटी स्टँडवर होत. सगळ्यांच्या गाड्यांच्या मधला वेळ साधायचा. दोन बाकांवर आम्ही बसायचो, सेक्रेटरी उभे राहून विषय वाचायचे आणि मधेच कुणाची गाडी लागली की तो सभासद "मंजूर, मंजूर" ओरडत पळायचा. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातल्या उर्दू शाळेत झालेलं, त्यामुळं ठराव मराठीत आणि खाली सही उर्दूत. ती सही वाचता येईना म्हणून खात्यानं एकदा आमचा अर्ज परत पाठवला होता. सेक्रेटरी म्हणाले, "त्येंना सही वाचाया येत न्हाय, ह्यात माझा काय कसूर?"

पण काम ते करत. कुणाच्या शाळेत वाळवी लागली तर रविवारी एसटीनं जाऊन कपाट उन्हात काढत, कडुलिंबाचा पाला आणि वेखंड घालून देत. ग्रंथपालाला रिकाम्या तासाला वर्गावर पिटाळू नका, असं हेडमास्तरांना तोंडावर सांगत. चिंचोक्याची खळ कशी शिजवायची, तुटलेल्या पुस्तकाला पाठ कशी लावायची, हे त्यांनी मला शिकवलं. आणि कव्हरं. जिथं बंधाऱ्याचं, पुलाचं काम चालू असेल तिथून ते सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या मागून आणत, झटकून, पुसून, त्या खाकी कागदाची कव्हरं घालत. परंड्याच्या शाळेतलं पुस्तक हातात घेतलं की आधी सिमेंटचा वास येई.

आणि मागणी एकच. वर्षाला थोडी पुस्तकं हरवली तर ग्रंथपालाला जबाबदार धरू नये. सेक्रेटरी तिला 'हरवायची मुभा' म्हणत. अर्ज जात, उत्तर येत नसे.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा आमची शाळा बाक-बाक करत रिकामी झाली. रिकाम्या तासाला मला वर्गावर धाडलं की हजेरीला मी नावं वाचायची आणि भिंतीकडं बघायची. आमच्या घरातल्या विहिरीनं तळ दाखवला होता, वडील रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गुपचूप खात होते. अशात सेक्रेटरी एक दिवस आले. कपाट उघडून झालं, मग त्यांनी वर्गात डोकावून बघितलं.

"बाई, पोरी कुठं गेल्या?"

"आईबापाबरोबर. तलावाच्या कामावर, खडी फोडायला."

"मग पुस्तकं हितं काय करत्यात?"

ते त्या दिवशी आमच्या घरी जेवायला आले. आम्ही दीक्षा घेतल्यापासून देव्हाऱ्याचा कोनाडा मोकळा झाला होता, तिथं वडिलांनी माझी शाळेपासूनची पुस्तकं रचली होती. सेक्रेटरी ताटावरून उठले, कोनाड्यापाशी गेले, हात फिरवला आणि वडिलांना म्हणाले, "दादा, ह्येला दार न्हाय, ह्ये लई झ्याक केलं." वडिलांना हा माणूस फार आवडला.

त्याच महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका शाळेत ते आम्हाला पुस्तक बांधायला शिकवत होते. तीन दगडांवर खळीचं भांडं ठेवलं होतं. शिपायाची बायको आली, भांड्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "चिंचोकं शिजवताय व्हय? आमी बी आता त्येच खातो." तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. सेक्रेटरींनी भांडं उतरवलं आणि उरलेल्या चिंचोक्यांची पुडी तिच्या हातात दिली. त्या सालात संघानं एकही पुस्तक चिकटवलं नाही.

पेटीची कल्पना तेव्हाच त्यांच्या डोक्यात शिरली. प्रत्येक शाळेनं थोडी पुस्तकं द्यायची, ती पेटीत घालून तलावाच्या कामावर ठेवायची, पोरांनी न्यायची, वाचायची. उस्मानाबादच्या स्टँडवर त्यांनी हे मांडलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. करगोटेवाल्यांनी विचारलं, "आन हरवली म्हंजे?"

"हरवली पायजेतच थोडी. त्याबिगर काम कसं व्हणार?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. शिक्षण खात्यातल्या साहेबांना ते भेटून आले होते. साहेब म्हणाले होते, तुम्ही नुसती मुभा मागता, मला दाखवा काहीतरी. पुस्तकं मुलांत गेली, वाचली गेली, त्यात चार-दोन हरवली आणि आभाळ कोसळलं नाही, एवढं एका हंगामात दाखवा, मी तुमची मागणी माझ्या सहीनं वर पाठवतो. म्हणजे पेटी मळून, दुमडून, थोडी रिकामी होऊन परत यायला हवी होती. तशी आली तर जिल्ह्यातल्या सगळ्या कपाटांची कुलपं निघणार होती.

संघाचे अध्यक्ष एका मोठ्या शाळेचे हेडमास्तर होते. त्यांच्या शाळेचे चेअरमन तेच कर्ज देणाऱ्या सोसायटीचे चेअरमन, तेव्हा अध्यक्षांना जपून राहण्याची सवय. ते म्हणाले, "सेक्रेटरी, हे रेकॉर्डवर जाईल. कुणाच्या तरी अंगावर येईल."

"माझ्या येऊ द्या. सगळ्यांची पुस्तकं माझ्या नावावर टाका."

मला माहीत होतं, त्यांच्या शाळेनं त्यांना बजावलेलं होतं की आणखी एक मोठा शेरा आला तर लायब्ररी काढून घेऊ आणि तुम्हाला ऑफिसात टपालावर बसवू. त्या माणसाला टपालावर बसवणं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तरी त्यांनी ठरावाखाली आपली उर्दू सही केली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून "मंजूर" म्हटलं. मीसुद्धा म्हटलं, पण मला त्या बाकावरच्या माणसांची चीड आली होती.

पेटी त्यांच्या बायकोची, माहेरून आलेली, पत्र्याची, फुलं रंगवलेली. येरमाळ्याच्या अलीकडं तलावाचं काम चालू होतं, तिथं आम्ही ती नेली. अध्यक्षही आले, नारळ फोडायचा म्हणून. उन्हानं जमीन पांढरी पडलेली. बायका रांगेनं पाट्या उचलत होत्या, आणि खडीच्या ढिगांजवळ लहान हातोड्या घेऊन पोरं बसलेली. मुकादम म्हणून एक मिशाळ, बोलायला मऊ माणूस होता. त्यानं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. तिथं पाणी देणं म्हणजे काय होतं हे आज सांगून कळणार नाही.

पोरं जमली. सेक्रेटरींनी शिक्का काढला. नाव विचारायचं, पुस्तक द्यायचं, तळव्यावर तारीख मारायची. एक मुलगी पुढं आली. आमच्याच शाळेतली, सातवीतली, मी तिला ओळखलं. सेक्रेटरींनी तिचा हात उलटा केला आणि तसेच थांबले. तळव्यावर सगळे फोड, काही फुटलेले. शिक्का मारायला जागा नव्हती. त्यांनी शिक्का पिशवीत ठेवून दिला आणि म्हणाले, "तुला तारीख न्हाय गं बाय. तुला वाटंल तवा आण." ती पुस्तक घेऊन खडीच्या ढिगाच्या सावलीला गेली आणि आम्ही निघेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

नंतरचे ते महिने सेक्रेटरी इतके आनंदात होते की दुष्काळात ते बरं दिसत नव्हतं. एसटीत भेटले की कानाजवळ येऊन म्हणत, "बाई, आता मळत असतील." मी म्हणायची, "एकदा जाऊन बघून तरी या." ते कानांवर हात ठेवत. दिलेल्या पुस्तकामागं जायचं नाही, हा त्यांचा नेम होता. "जेवणाऱ्याच्या ताटाकडं बघत बसतं का कुणी?" तलाव रस्त्यावरून दिसत असे. गाडी तिथं आली की ते मुद्दाम पलीकडच्या खिडकीकडं तोंड करून बसत. मी दोन-तीनदा त्यांच्यासोबत होते. कामाकडं पाठ करून ते गालातल्या गालात हसत असत.

पेरण्या सुरू झाल्या, माणसं आपापल्या गावी परतली, काम बंद झालं. पेटी आणायला सेक्रेटरींनी मला बरोबर घेतलं. जाताना सगळी वाट ते काय काय हरवलं असेल याचा अंदाज बांधत होते. गोष्टींची पुस्तकं नक्की गेली असतील, म्हणाले. भूगोल मात्र कुणी नेला नसेल.

मुकादम आमची वाटच बघत होता. त्यानं आम्हाला सिमेंटच्या कोठीत नेलं. कोपऱ्यात, फळीवर, वर पोतं टाकून पेटी ठेवलेली होती. पोतं काढलं तर पेटीला भलंमोठं कुलूप. कोऱ्या कुलपावर सिमेंटची धूळ बसलेली.

"ह्ये कुठनं आलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"म्या आणलं, येरमाळ्याच्या बाजारातनं. पदरचं." मुकादमानं कमरेची चावी काढली. "सायब, एक बी पुस्तक हलू दिलं न्हाय म्या. मोजून घ्या."

"पोरांना दिलीवती ती?"

"त्याच सांजंला गोळा केली समदी. तुमचं ते मोठं हेडमास्तर जाताना म्हनले, मुकादम, सरकारी माल हाय, एक जरी कमी निघालं तर ह्ये सेक्रेटरी नोकरीतनं जातील. ध्यान ठिवा." मुकादम आमच्याकडं मोठ्या मायेनं बघत होता. "तुमी उन्हातान्हात आमच्या पोरांसाठी आलावता. तुमची नोकरी माझ्यापायी कशी जाऊ देऊ, सायब? एक पोरगी लई रडली, तिच्याकडनं तर वढूनच घ्यावं लागलं. पर घेतलं."

पेटी उघडली. खाकी कव्हरं तशीच, रांग तशीच. सेक्रेटरींनी वरचं पुस्तक काढलं, उघडलं, डोळे मिटून वास घेतला. मग ते पेटीच्या कडेवर बसले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. मी तरी ओरडले असते. मुकादमावर नाही, पण कुणावर तरी. ते खाकी कव्हरवरून हात फिरवत राहिले. मुकादमाचा चेहरा उतरायला लागला तसे उठले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लई जपलंत हो. लई जपलंत." बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, ती पोरगी कुठल्या गावची?" मी सांगितलं, ती शाळेत परत आलेली नाही, आईबापाबरोबर साखर कारखान्याकडं गेली म्हणतात.

साहेबांपुढं जायचं होतं तेव्हाही मी सोबत होते. अध्यक्षांनी आदल्या दिवशीच कळवलं होतं की पेटी सुखरूप आली. साहेब खूश होते. त्यांनी सेक्रेटरींना खुर्ची दिली, चहा मागवला. "बघा," ते म्हणाले, "दुष्काळी कामावर, उघड्या माळावर, आणि एकही पुस्तक गेलं नाही. तुम्हीच सिद्ध करून दाखवलंत. मग तुम्हाला मुभा कशाला हवी?"

सेक्रेटरी म्हणाले, "सायब, ती वाचलीच न्हाईत कुणी."

"तो वेगळा विषय झाला," साहेब म्हणाले, आणि चहा आला.

मागणी तिथंच संपली. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी स्टँडवरच्या सगळ्या प्रवाशांदेखत सेक्रेटरींच्या अंगावर शाल घातली. पेटी पूर्ण परत आणल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव झाला. करगोटेवाल्यांनी तर त्यांना मिठी मारली. कुणाचं पुस्तक गेलं नव्हतं, कुणाला शेरा नव्हता, सगळे मनापासून खूश होते. ठरावाखाली सेक्रेटरींना सही करावी लागली. ती मात्र त्या दिवशी त्यांनी मराठीत केली, वळणदार, लहान मुलासारखी.

त्यानंतरही ते कितीतरी वर्षं सेक्रेटरी होते. कपाटं उन्हात काढत, वेखंड घालत, ठराव लिहीत. लांबून बघणाऱ्याला काही बदललेलं दिसलं नसतं. पण पेटीनंतर ते आमच्या शाळेत पहिल्यांदा आले तेव्हा व्हरांड्यात बाकावर बसले, टोपी काढली आणि शिपायाला म्हणाले, "जरा पाणी दे बाबा." शिपाई माझ्याकडं बघायला लागला. चावी त्यांनी मागितलीच नाही. मग पुढं नेहमीच तसं झालं, आधी पाणी.

मी चिडून एक केलं. मधल्या सुटीत कपाट उघडं ठेवायला लागले. हेडबाई कुरकुरल्या, पण मी कुणाच्या बापाला भीत नव्हते. दोन वर्षांनी एका पुस्तकाला खरकटं बोट लागलं. ते मी जपून ठेवलं, सेक्रेटरी आल्यावर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला. "हळद," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी पुन्हा पाणी मागितलं.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. शोकसभा परंड्याला, त्यांच्याच शाळेत ठेवली होती. फोटो कपाटासमोर टेबलावर ठेवलेला. कपाटाला पितळी कुलूप. नवे ग्रंथपाल व्यवस्थित माणूस दिसले. मला म्हणाले, "मॅडम, मागच्या काळात जरा ढिलाई होती. आता सगळं ताब्यात आहे." अध्यक्ष म्हातारे झाले होते, पण आवाज खणखणीत. ते गहिवरून बोलले. म्हणाले, "ज्याच्या हातून आयुष्यात एकही पुस्तक हरवलं नाही, असा ग्रंथपाल आता होणे नाही."

लोकांनी माना डोलावल्या. मी दात ओठ खात बसले होते. माझ्याशेजारी सेक्रेटरींची बायको होती. ती हळूच म्हणाली, "बाई, ह्ये कुणाबद्दल बोलत्यात?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "म्या कुलूप आणलंय घराला. उद्या लेकीकडं जाते. आता राखाया काय हाय तितं?"

हार घालायच्या आधी नव्या ग्रंथपालांनी पाहुण्यांना दाखवायला कपाट उघडलं. वरच्या फळीवर जुनी खाकी कव्हरं तशीच होती. सगळे फोटोकडं वळले तेव्हा मी त्यातलं एक काढलं आणि पर्समध्ये घातलं. पर्सची चेन दोनदा ओढून बघितली, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर मी पुस्तकं राखत आलेली बाई. पण मनाशी ठरवलं होतं, आज सेक्रेटरींचं एक पुस्तक हरवायचं. घरी नेऊन ठेवायचं नाही, तेही एक कपाटच झालं असतं. कुठंतरी सोडून द्यायचं, कुणाच्या तरी हाती लागेल असं.

परतीच्या गाडीत मी ते मांडीवर घेऊन बसले. इतक्या वर्षांनीही त्याला सिमेंटचा वास येत होता. येरमाळ्याच्या अलीकडं तलाव दिसला. त्यात त्या साली पाणी होतं, आणि मी पलीकडच्या खिडकीकडं तोंड केलं. गाडी पुढं अंबाजोगाईला जाणारी होती. कळंब आलं तसं मी पुस्तक सीटवर ठेवलं, पदर सारखा केला आणि चोरासारखी खाली उतरले. गाडी सुटली. मला इतकं हलकं वाटलं की मी स्टँडवर उगीचच हसले.

एवढ्यात घंटी वाजली आणि गाडी करकचून थांबली. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडत होता, "ओ बाई! ओ कळंबच्या बाई! पुस्तक ऱ्हायलं की तुमचं!"

मी ऐकलं नाही असं केलं. तर तो खाली उतरून पळत आला. तरुण, घामेजलेला, भला माणूस. खाकी कव्हर सदऱ्याला पुसून त्यानं पुस्तक दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. "शाळेचा शिक्का हाय वरती. हरवलं असतं म्हंजे? तुमच्या अंगावर आलं असतं."

मी ते घेतलं. दुसरं काय करणार? तो पळत जाऊन गाडीत चढला, घंटी वाजली, गाडी गेली. आणि सेक्रेटरी गेल्याचं कळल्यापासून जे आलं नव्हतं ते रडू मला तिथं, भर स्टँडवर, ते पुस्तक छातीशी धरून आलं.